ताराबाईंची नोंद : मराठी कोशकारांस खुले पत्र

महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाच्या संपादकांस व अन्य मराठी कोशकारांस,



श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड ज्या भाषेत उभे केले, सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२ ते १९४६ या अवधीत ज्या भाषेत सिद्धीस नेले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ज्या भाषेतील विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली वाचकांच्या हाती पडला, त्या भाषेच्या एका वाचकाने आपणांस हे जाहीर पत्र लिहावे, त्यामागे ऋणाईताचा हक्क आहे, तक्रारीचा हेतू नाही. लिहावयाचे आहे ते एकाच गोष्टीविषयी : गतकाळातील एखादी स्त्री स्वतंत्र चरित्रनोंदीस पात्र आहे हे कोणत्या पुराव्यावरून मानावे, आणि एकदा मानल्यावर ती नोंद कशी लिहावी.

उल्लेखनीयतेची कसोटी असावी, याविषयी माझ्या मनात किंचितही संदेह नाही. ज्याच्याविषयी आप्तस्वकीयांखेरीज कोणी काही लिहिले नाही, ज्याच्या कार्याची रुजवात घेण्यास एकही दस्तऐवज नाही, त्याची नोंद केवळ कोणाच्या आग्रहाखातर दाखल करू लागलो, तर कोश आणि गौरवग्रंथ यांतील सीमारेषा पुसली जाईल, आणि ज्याच्या शब्दावर विद्यार्थ्याने निःशंकपणे विसंबावे असा ग्रंथच उरणार नाही. तेव्हा कसोटी शिथिल करा, असे मी म्हणत नाही. ही कसोटी कागदावर चालते आणि कागद सर्वांच्या वाट्याला सारखा आलेला नाही, एवढेच लक्षात ठेवून ती लावावी, असे माझे म्हणणे आहे.

मराठेशाहीच्या दफ्तराकडे पाहावे. करवीरच्या महाराणी ताराबाई किंवा अहिल्याबाई होळकर यांच्या उल्लेखनीयतेचा प्रश्न कोणाला कधी पडला नाही. कारण त्यांच्या हाती सत्ता होती, सत्तेच्या मागे फड होता, फडावर कारकून होते, आणि त्या कारकुनांनी लिहिलेल्या सनदा, आज्ञापत्रे, हिशेब व पत्रव्यवहार यांचे रुमाल सोडून अभ्यासकाला आजही वाचता येतात. जिच्या हाती सत्ता नव्हती ती स्त्री दफ्तरात शिरते ती बहुधा आपत्तीच्या दाराने : नवरा वारला आणि वतनाचा तंटा उभा राहिला, वाटणीसाठी महजर झाला, कोणी फिर्याद केली, कोणी तोहमत घेतली. तिने घरी बसून काय वाचले, काय रचले, कोणाला शिकविले, हे टिपून ठेवणे कोणाच्याच नेमणुकीतील काम नव्हते. एकोणिसाव्या शतकात छापखाने आले, वृत्तपत्रे आली, सरकारी अहवाल आले, तरी ही स्थिती फारशी पालटली नाही. सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेचे नाव आज आपणांस ठाऊक आहे, ते १८८१ साली नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल तिला फाशीची शिक्षा झाली म्हणून. ती शिक्षा पुढे अपिलात कमी झाली. या प्रकरणाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून सबंध स्त्रीजातीच्या नीतीची जी झडती सुरू झाली, तिच्यामुळे संतप्त होऊन वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ज्या स्त्रीने लेखणी उचलली, तिच्याविषयीच मला मुख्यतः लिहावयाचे आहे.

ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. मुलीला लिहावाचावयास त्यांनी घरीच शिकविले, आणि तिचे लग्न झाल्यावर जावई घरजावई म्हणून सासऱ्याच्या घरी राहिला. ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमाराचा मानतात आणि मृत्यू १९१० च्या सुमाराचा. अपत्य नाही, दुसरे पुस्तक उपलब्ध नाही. आता असे समजा, की एवढा मजकूर घेऊन एखादा होतकरू नोंदलेखक आपल्या कचेरीत आला. एक लहानसे पुस्तक, त्याच्या पाचशे प्रती, जन्ममृत्यूच्या निश्चित तिथी नाहीत, कोणत्याही संस्थेत पद नाही, सरकारदरबारी सन्मान नाही, आणि पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघावयास त्र्याण्णव वर्षे लागली. नियमाच्या अक्षराला धरून चालणारा संपादक त्यावर ‘पात्रता सिद्ध नाही’ असा शेरा मारून कागद परत करील, आणि तसे करताना आपण अन्याय करीत आहो असे त्याला वाटणारही नाही.

परंतु तोच कागद क्षणभर ठेवून घेतला आणि पुरावा ओळीने मांडला, तर काय दिसते? पहिली साक्ष खुद्द पुस्तकाची. स्त्रियांच्या माथी जे जे दुर्गुण मारले जात, त्यांतील एकेक उचलून तो अधिक कोणात आढळतो, स्त्रीत की पुरुषात, अशी ती उघड जबाबतलबी आहे. विधवेचा पुनर्विवाह ज्या शास्त्राने अडविला त्या शास्त्राला ती प्रश्न विचारते, पुराणातील देवादिकांच्या वर्तनाचे दाखले काढते, त्या काळच्या लोकप्रिय कादंबऱ्यानाटकांत स्त्रिया कशा रंगविल्या आहेत त्याचा समाचार घेते, आणि पोशाखापासून खाण्यापिण्यापर्यंत साहेबाचे सारे उचलणाऱ्या पुरुषांनी धर्मरक्षणाचा भार मात्र बायकांवर टाकून द्यावा, हा कोठला न्याय, असे रोखठोक विचारते. विधवांची दुःस्थिती, बालविवाह, स्त्रीशिक्षण या विषयांवर त्या काळी पुष्कळांनी लिहिले. पण ते लेखन बहुतांशी दयेचे होते. स्त्रीचा अपराध की पुरुषाचा, असा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याकडे घेऊन एका स्त्रीने मराठीत केलेले हे लेखन आहे, आणि त्याची भाषा पंडिती नसून घरात, माजघरात, पाणवठ्यावर चालणारी, म्हणींनी भरलेली, पाल्हाळिक वाटता वाटता एकदम वर्मी बसणारी आहे.

दुसरी साक्ष समकालीनाची आहे, आणि कोशकाराच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची. पुस्तक निघाल्यावर तीन वर्षांनी, १८८५ साली, जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा पक्ष घेतला आणि त्यांच्या पुस्तकाची हेटाळणी करणाऱ्यांना उत्तर दिले. फुले हे ताराबाईंच्या वडिलांच्याच वर्तुळातील, तेव्हा ही साक्ष तटस्थ नव्हे, अशी शंका येथे कोणी काढील, आणि ती काढणे योग्यच आहे. कारण कोशकाराने शंका काढावी यासाठीच त्याची नेमणूक असते. परंतु ज्या अर्थी फुल्यांना उत्तर द्यावे लागले, त्या अर्थी पुस्तक वाचले गेले होते, झोंबले होते, आणि त्याची टिंगल करावी एवढी दखल विरोधकांनी घेतली होती. गौरवाच्या शंभर शब्दांपेक्षा अशी हेटाळणी पुराव्याच्या कामी अधिक उपयोगी पडते, कारण ती कोणी मैत्रीखातर लिहीत नाही.

त्यानंतर दीर्घ शांतता. चित्रावशास्त्र्यांचा अर्वाचीन चरित्रकोश १९४६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ताराबाईंचे पुस्तक पुन्हा छापले जाण्यास अजून एकोणतीस वर्षे अवकाश होता. आणि कोशकार हा हाताशी असलेल्या आधारावर चालणारा मनुष्य, त्याला न सापडलेल्या पुस्तकाबद्दल दोष कसा द्यावा? धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय १९६९ साली संपादून प्रसिद्ध केले, आणि त्याच मालश्यांनी १९७५ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा प्रकाशात आणले. पुढे सुझी थारू व के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा जो इंग्रजी संग्रह संपादिला, त्याच्या १९९१ च्या पहिल्या खंडात ताराबाईंना स्थान मिळाले, आणि रोझालिंड ओ’हॅनलन यांनी १९९४ साली सबंध पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद विस्तृत प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. आज एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा अभ्यासक ताराबाईंना वगळून पुढे जाऊ शकत नाही.

या साऱ्या क्रमात एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. ज्या समकालीन साक्षीवर आपण विसंबतो ती फुल्यांच्या वाङ्मयात सापडते, म्हणजे ताराबाईंची वाट फुल्यांच्या दफ्तरावरून गेली. जिचा कैवार घेणारा एखादा मोठा पुरुष नव्हता, जिच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती वाळवीने खाल्ल्या आणि ज्यांवर कोणी दोन ओळीही लिहिल्या नाहीत, अशा स्त्रिया किती असतील, याचा विचार केल्यावाचून उल्लेखनीयतेची कसोटी निर्लेप आहे असे कोणी म्हणू नये.

याहून कठीण प्रसंग मुक्ताबाईचा आहे. पुण्यात फुले दांपत्याने चालविलेल्या शाळेतील मांग समाजाची ही विद्यार्थिनी. महार-मांगांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ‘ज्ञानोदया’त दोन भागांत छापून आला, तेव्हा तिचे वय चौदा वर्षांच्या आसपास सांगतात. वेदांवर ज्यांना अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न त्या वयात, त्या जातीत जन्मलेल्या मुलीने, पेशवाई बुडून चाळीस वर्षेही झाली नव्हती अशा पुण्यात, लेखी विचारला. पुढचे तिचे आयुष्य जवळजवळ अंधारात आहे. चरित्रनोंद म्हणजे जन्मापासून मृत्यूपर्यंतची हकीकत, अशी व्याख्या धरली तर मुक्ताबाईची नोंद होऊच शकत नाही. कारण हकीकत नाही, केवळ एक निबंध आहे. परंतु तो निबंध आहे, छापील आहे, त्याची तारीख आहे, नियतकालिक जगजाहीर आहे, आणि दलित स्त्रीच्या लेखनाचा विचार करणारा प्रत्येक अभ्यासक आज तेथूनच आरंभ करतो. एवढा आधार मला पुरेसा वाटतो. नोंद दहा ओळींची झाली तर होऊ द्यावी. दहा ओळींची खरी नोंद पानभर कल्पित बालपणापेक्षा सर्वथा श्रेयस्कर.

आणि येथे मला माझ्याच पक्षातील मंडळींशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. विस्मृत स्त्रियांना न्याय मिळावा म्हणून जे झटतात, त्यांच्याकडून उत्साहाच्या भरात प्रकरणाची हानी होते. प्रत्येकीला कशाची तरी ‘पहिली’ ठरविल्याखेरीज तिची योग्यता सिद्ध होत नाही, असा एक समज रूढ झाला आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. ही पदवी घेतली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कलकत्त्याहून वैद्यकाची परीक्षा देऊन बाहेर पडल्या. आणि या दोघींपैकी पहिली कोण, या वादात कागदांचे जेवढे ढीग खर्ची पडले, त्यांच्या दशांशही आनंदीबाईंनी आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्राविषयी लिहिलेला प्रबंध वाचण्यात खर्ची पडले नसतील. कोशकाराला ‘पहिली’ हा शब्द लिहावयाचा असेल तर त्याने त्याला मर्यादा घालावी आणि दाखला द्यावा. दाखला नसेल तर शब्द गाळावा, नोंद गाळू नये. सावित्रीबाई फुले यांच्या सहकारी म्हणून ज्ञात असलेल्या फातिमा शेख यांच्याबाबतीतही हाच न्याय. सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात १८५६ च्या ऑक्टोबरातील जे पत्र छापलेले आहे, त्यात फातिमाचा उल्लेख आपुलकीने आलेला आहे. नोंदीचा पाया त्या उल्लेखावर घालावा, आणि त्यापलीकडे ज्या ज्या तिथ्या व प्रसंग सांगितले जातात त्यांतील प्रत्येकापुढे आधार लिहावा, किंवा तो प्रसंग घेऊ नये. पुराव्याहून मोठी मूर्ती उभी केली, की ती पाडण्यास निघालेला मनुष्य पुराव्यासकट सारेच नाकारतो, आणि मग जे खरे होते त्याचीही शाबिती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

आनंदीबाईंचा उल्लेख आला म्हणून सांगतो. त्या फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या. अमेरिकेत कॅरोलिन डॉल यांनी त्यांचे चरित्र १८८८ साली लिहून प्रसिद्ध केले, आणि इकडे काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. चरित्राचा आधार तेथल्या तेथे निर्माण झाला, कारण दोन स्त्रियांनी तो निर्माण करण्याचे मनावर घेतले. ताराबाईंना अशी काशीबाई मिळाली नाही. दोघींच्या कीर्तीत आज जो फरक दिसतो तो कर्तृत्वाच्या तुलनेतून कितपत आला आणि चरित्रकार मिळण्या-न मिळण्यातून कितपत, हे तोलण्याचे काम कोशाच्या संपादकाचे आहे.

हा प्रश्न केवळ आपला किंवा केवळ जुन्या काळाचा आहे, असेही नाही. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ च्या ऑक्टोबरात नोबेल पारितोषिक जाहीर झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजी विकिपीडियासाठी लिहिलेला त्यांच्या चरित्राचा मसुदा आधार अपुरे म्हणून परत केला गेला होता. ज्या शोधासाठी पारितोषिक मिळाले तो त्यांनी १९८५ साली आपल्या मार्गदर्शकांसमवेत प्रसिद्ध केलेला होता. विद्यापीठात शिकविणाऱ्या, हयात असलेल्या विदुषीची जर ही गत, तर बुलढाण्याच्या कचेरीतील हेडक्लार्कच्या कन्येने आधार कोठून आणावेत?

नोंद लिहिण्याविषयीही एक विनंती आहे. ‘बुलढाणा येथील डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतील हेडक्लार्क बापूजी हरी शिंदे यांची कन्या’ असा आरंभ केला, तर त्या वाक्यातील प्रत्येक शब्द खरा असूनही वाचकाच्या मनावर ठसते ते बापूजींचे पद. ‘१८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध प्रसिद्ध करून स्त्रियांवरील नीतिनियमांची चिकित्सा करणाऱ्या मराठी लेखिका’ असा आरंभ केला, की ही स्त्री कोशात कशासाठी आली ते पहिल्याच ओळीत कळते, आणि मग वडील, पती, गाव हे सारे आपापल्या जागी येते. अमुक यांच्या पत्नी, तमुक यांच्या भगिनी, अशा धर्तीचा आरंभ पुरुषाच्या नोंदीत आपण क्वचितच करतो. स्त्रीच्या नोंदीत तो हाताला सवयीने येतो.

नावांचा घोळ तर कोशरचनेच्या मुळाशीच जातो, कारण कोश आडनावाच्या अकारविल्ह्याने लागतो आणि आडनाव ही स्त्रीची स्थिर मिळकत नव्हती. रखमाबाईंचे उदाहरण घ्यावे. वडील जनार्दन पांडुरंग सावे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन राऊत, ज्याच्याकडे नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला तो पती दादाजी भिकाजी. टाइम्स ऑफ इंडियातील त्यांची १८८५ ची पत्रे ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीची, आणि १८८४ पासून १८८८ पर्यंत चाललेल्या त्या गाजलेल्या खटल्याच्या कागदांत नुसत्या रखमाबाई. पुढे लंडनला वैद्यक शिकून त्यांनी सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ रुग्णसेवा केली. अशा स्त्रीला शोधणारा विद्यार्थी कोणत्या अक्षराखाली पाहील? तिच्या प्रत्येक नावाखाली ‘पहा’ असा निर्देश असावा, आणि मुख्य नोंद ज्या नावाने तिने स्वतः सही केली किंवा ज्या नावाने ती सार्वजनिक जीवनात वावरली त्या नावाखाली असावी. काम किरकोळ दिसते, पण ते झाले नाही तर असलेली नोंदही नसल्यासारखी होते.

आपल्या मंडळाकडे विद्वान आहेत, विषयवार ज्ञानमंडळांची व्यवस्था आहे, शासनाचे पाठबळ आहे. म्हणून अखेरचे मागणे त्या व्यवस्थेकडेच आहे. १८४२ पासूनचा ‘ज्ञानोदय’, १८७७ पासूनचा ‘दीनबंधु’, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियांसाठी व स्त्रियांनी चालविलेली मासिके यांच्या उपलब्ध फायली केवळ स्त्रियांच्या नावांसाठी एकदा पानोपान चाळून घ्याव्यात. सही करून लिहिणारी, निनावी लिहिणारी, शाळा चालविणारी, सभेत बोलल्याची बातमी आलेली, ज्या कोणी सापडतील त्यांची तारीखवार जंत्री करावी. आणि ज्यांची नोंद आजच होऊ शकत नाही त्यांची नावे आधारांसह संपादकीय दफ्तरात जपून ठेवावीत, म्हणजे पुढे एखादे पुस्तक, एखादे पत्र हाती आले तर ते कोणाच्या नावापुढे लावायचे हे माहीत असेल. ‘पात्रता सिद्ध नाही’ हा शेरा मारावाच लागला, तर त्याखाली कोणकोणती साधने पाहिली हेही लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या संपादकाला राहिलेली साधने तपासता येतील. ताराबाईंच्या वेळी त्र्याण्णव वर्षे गेली. या कामास आपण येत्या वर्षापासून हात घालावा, अशी माझी आग्रहाची प्रार्थना आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक कोशवाचक